वाहनांना बंद झालेला ब्रिटिशकालीन पूल लोकांसाठी खुला ठेवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातला ब्रिटिशकालीन पूल शेजारी नवा पूल झाल्यावर वाहनांना बंद झाला. आता संध्याकाळी तिथे माणसं फिरायला येतात, कठड्याला टेकून गप्पा मारतात, मुलं खेळतात. नगरपरिषदेला त्याचं सुशोभीकरण करायचं आहे: ग्रॅनाइटची फरशी, मोठ्या कुंड्या, दिवे, खाण्याच्या गाड्या. बैठकीत कुणीतरी म्हणालं की ट्रक बंद झाले, आता पुलावर भारच नाही, मग काळजी कसली? हे खरं का, आणि पूल नीट अर्थाने गावाची बसण्या-भेटण्याची जागा व्हावा म्हणून काय पाहावं, हे तुम्ही विचारलं आहे.

जुन्या पुलांची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझं काम आहे. बैठकीतलं ते वाक्य चुकीचं आहे, आणि ते धोकादायक आहे, कारण ऐकताक्षणी ते पटतं. म्हणून आधी त्याचाच हिशेब करू.

एक मध्यम आकाराची मोटार माणसांसकट साधारण 1,300 किलो धरा. ती साडेचार मीटर लांब आणि तीन मीटर रुंदीच्या लेनमध्ये उभी आहे. पुढच्या-मागच्या गाडीत काहीच अंतर नाही असं मानलं तरी दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आत भार येतो. आता त्याच जागेत माणसं उभी करा. मोकळेपणाने उभी असतील तर चौरस मीटरला दोन-तीन, मिरवणूक किंवा आतषबाजी बघायला दाटीने उभी राहिली तर पाच-सहा. माणसी 65 किलो धरले तरी हा आकडा साडेतीनशे-चारशे किलोवर जातो. म्हणजे मोटारींनी खच्चून भरलेल्या पुलापेक्षा माणसांनी भरलेल्या पुलावर जवळपास चौपट भार असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:6 या संहितेत पादचारी भागासाठी चौरस मीटरला 400 किलो भार धरायला सांगितलं आहे. शहराजवळचा, यात्रेच्या किंवा जत्रेच्या ठिकाणचा पूल असेल, गर्दी लोटण्याची शक्यता असेल, तर 500 किलो. हे आकडे हवेतून आलेले नाहीत.

ट्रकची गोष्ट थोडी वेगळी. ट्रकचा भार चाकाखाली एकवटतो, त्यामुळे स्लॅब, फळ्या, छोट्या आडव्या तुळया यांना ट्रक जड जातो. पण मुख्य तुळया, साखळ्या, केबल, कमानी, म्हणजे ज्यांच्यावर दोन खांबांमधला पुलाचा पूर्ण भाग तोललेला असतो, त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली गर्दी जास्त कस लावते. अरुंद आणि लांब पुलावर तर फारच. केरळातल्या पुनलूरचा झुलता पूल 1877 सालचा. कल्लडा नदीवरचा, सुमारे 400 फूट लांब, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. तिथे एक दंतकथा सांगतात की लोकांचा विश्वास बसावा म्हणून पुलावरून सहा हत्ती चालवले आणि बांधणारा इंजिनिअर अल्बर्ट हेन्री कुटुंबासह खाली नावेत उभा राहिला. कथा खरी मानून हिशेब करा: चार-चार टनांचे सहा हत्ती म्हणजे 24 टन. त्याच पुलाची नुसती तीन मीटर रुंदी संहितेतल्या गर्दीने भरली तर भार होतो जवळजवळ 145 टन. हत्ती बघून डोळे विस्फारतात, माणसं बघून कुणाला काही वाटत नाही, म्हणून मी बैठकांत हे उदाहरण मुद्दाम देतो.

आता तुमचा पूल कोणत्या जातीचा आहे ते सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही प्रकारांबद्दल लिहितो.

दगडी कमानीचा पूल असेल तर गर्दीच्या बाबतीत तुम्ही बऱ्यापैकी निर्धास्त राहू शकता. पुण्यातला बंडगार्डनचा फिट्झजेराल्ड पूल घ्या. रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन रॉबर्ट सेलन यांनी आखलेला, 1860च्या दशकाच्या अखेरीचा, 1867 ते 1872 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावाचा. दोन्ही टोकांना दगडी सिंह आहेत. शेजारी नवा पूल झाल्यावर वाहनं तिकडे गेली आणि जुना पूल पायी फिरणाऱ्यांचा झाला, पुढे तिथे आर्ट प्लाझाही केला. अशा पुलात कमानीचा दगड आणि त्यावरचा भराव मिळून दर चौरस मीटरला तीन-तीन टन वजन आधीच बसलेलं असतं. त्यावर गर्दीचे चारशे किलो म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आत. कमानीला ते सहसा कळतही नाही.

लोखंडी झुलत्या पुलात हे गणित उलटं असतं. फळ्या, आडव्या पट्ट्या, जाळी असं मिळून पुलाचं स्वतःचं वजन चौरस मीटरला शंभर-दोनशे किलो. तिथे गर्दी ही पुलाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे पुलाच्या केबलला रोज जे ओझं असतं त्याच्या कितीतरी पट ओझं सणाच्या एका संध्याकाळी अचानक येतं. गुजरातमधल्या मोरबीत हेच घडलं. मच्छू नदीवरचा तो झुलता पूल 20 फेब्रुवारी 1879 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते खुला झाला होता. लांबी 233 मीटर, रुंदी जेमतेम सव्वा मीटर. संस्थानाच्या काळात तो मिरवण्याची वस्तू होता, पुढे गावाची फिरण्याची जागा झाला. दुरुस्तीनंतर 26 ऑक्टोबर 2022 रोजी पुन्हा सुरू केला आणि चार दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, सुट्टीच्या गर्दीत कोसळला. 135 माणसं गेली. विशेष तपास पथकाच्या अहवालात असं आढळलं की एका मुख्य केबलमधल्या 49 तारांपैकी 22 तारा गंजलेल्या होत्या, आणि त्या बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले होते. जुन्या लोंबत्या सळयांना नव्या सळया वेल्डिंग करून जोडल्या होत्या. वर रंगरंगोटी झाली, खाली केबल तशीच राहिली. मी हा अहवाल माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नगराध्यक्षाला वाचायला सांगतो. त्यात अवघड काहीच नाही, आणि त्यात लिहिलेली एकेक गोष्ट आपल्याकडच्या 'सुशोभीकरणा'च्या निविदांमध्ये मला दिसत असते.

निविदेत तुमच्याकडे नेमकं काय लिहिलं आहे ते मला माहीत आहे, कारण सगळीकडे तेच असतं. फरशी: 20 मिलिमीटर ग्रॅनाइट आणि खाली 50 मिलिमीटर सिमेंट-वाळूचा थर. मिळून चौरस मीटरला दीडशे किलो, कायमचे. कुंड्या: दीड फूट खोल ओली माती म्हणजे चौरस मीटरला आठशे किलो. ही गर्दी नव्हे की रात्री घरी जाईल. लोखंडी पुलावर दोन्ही कडांना कुंड्यांची रांग लावली तर तुम्ही पुलावर चोवीस तास, बारा महिने जत्रा भरवल्यासारखं आहे, आणि वर खरी जत्रा भरेल ती वेगळी. शिवाय कुंड्यांना रोज पाणी घालणार. ते पाणी झिरपून कुठे जाणार याचं उत्तर निविदेत नसतं.

पाणी हा जुन्या पुलाचा खरा शत्रू आहे आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे. दगडी पुलावर बांधणाऱ्यांनी उतार दिलेला असतो, कठड्याच्या पायथ्याशी दगडी पन्हाळ्या ठेवलेल्या असतात, त्यातून पावसाचं पाणी थेट नदीत पडतं. डांबराचे थरावर थर चढत गेले की या पन्हाळ्या गाडल्या जातात. वरून फरशी बसली की त्या कायमच्या बुजतात. मग पाणी भरावात उतरतं. भराव भिजला की फुगतो आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलतो. कमानीच्या वर, बाहेरच्या भिंतीला पोट आलेलं दिसलं, किंवा कमानीची कड आणि भिंत यांच्यामध्ये लांबट भेग दिसली, तर ते याचंच लक्षण. पुलाखाली जाऊन कमानीच्या पोटाकडे बघा. पांढरे ओघळ दिसतील. तो चुना आहे, सांध्यातला, पाण्यात विरघळून खाली आलेला. म्हणजे दगड जागेवर आहेत पण त्यांना धरून ठेवणारा मसाला हळूहळू वाहून जातो आहे. ओघळ पुसून रंग लावणं हा त्यावरचा उपाय नाही. वरचं डांबर खरवडून काढायचं, मूळ उतार शोधायचा, पन्हाळ्या मोकळ्या करायच्या, जलरोधक थर द्यायचा, आणि मग सांधे भरायचे.

सांधे भरताना सिमेंट वापरू नका. चुन्याच्या दरजा चुन्यानेच भरायच्या. सिमेंट कडक असतं आणि पाणी बाहेर जाऊ देत नाही. आत अडकलेलं पाणी मग दगडातून वाट काढतं, आणि काही वर्षांत दरज शाबूत राहते पण तिच्या दोन्ही बाजूंचे दगड सोलपटतात. चुन्याचं काम करणारे गवंडी आता कमी उरलेत, त्यांना शोधायला वेळ लागतो, दरही जास्त पडतो. तरी हा खर्च करा आणि त्याऐवजी कमानीवरच्या रंगीत दिव्यांचा खर्च कापा. पिंपळ, वड, उंबर कठड्याच्या सांध्यात उगवले असतील तर नुसते छाटू नका. छाटलेलं झाड मुळाशी अधिक जोर धरतं. मूळ आतपर्यंत काढून, दगड सुटे करून पुन्हा बसवावे लागतात.

लोखंडी पूल असेल तर पहिली चाचणी धातूची. ओतीव लोखंड, घडीव लोखंड आणि पोलाद हे तीन वेगळे पदार्थ आहेत आणि एकोणिसाव्या शतकातल्या पुलात तिन्ही एकत्र सापडू शकतात. ओतीव लोखंड दाबात भक्कम, ताणात ठिसूळ. घडीव लोखंडात थर असतात. त्यावर वेल्डिंग केलं की वरचा थर पकडतो आणि आतला सोडतो. बघताना जोड उत्तम दिसतो, ताण आला की थरच्या थर सुटून येतो. म्हणून जुन्या लोखंडावर वेल्डिंगचा मशीनवाला आणू देऊ नका. रिव्हेट गेले असतील तर त्या जागी नीट बसणारे बोल्ट घालता येतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये गंज धरला तर तो फुगतो आणि पट्ट्यांना वाकवतो. वरून दहा वेळा रंग दिलेला असतो त्यामुळे हे लपतं. साधा हातोडा घेऊन ठोकत गेलं तरी पुष्कळ कळतं, आवाज खणखणीत येतो की बद्द येतो यावरून. केबल किंवा साखळी जिथे जमिनीत किंवा दगडी बुरुजात शिरते ती जागा उकरून बघितल्याशिवाय कोणताही अहवाल पूर्ण समजू नका. तिथे ओल असते, हवा नसते, आणि कुणी बघत नाही.

गर्दीचा आणखी एक गुण आहे, तो वजनात दिसत नाही. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. हलक्या पुलाची हलण्याची लय त्याच्याशी जुळली तर पूल डोलू लागतो, आणि डोलू लागला की माणसं तोल सावरायला त्याच लयीत पाय टाकू लागतात, त्यामुळे तो आणखी डोलतो. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला आणि याच कारणाने तीन दिवसांत बंद करावा लागला. धक्का शोषणारी यंत्रणा बसवून तो 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. हे जुन्या इंजिनिअरांनाही ठाऊक होतं. लंडनच्याच अल्बर्ट पुलावर सैनिकांना पावलं मोडून चालण्याची सूचना करणारी पाटी आजही आहे. झुलता पूल मुद्दाम हलवून मजा घेणारी पोरं प्रत्येक गावात असतात. त्यांना रागावून भागत नाही. तिथे माणूस उभा करावा लागतो, आणि पुलावर एका वेळी किती जण हा आकडा ठरवून तो पाळावा लागतो.

अल्बर्ट पुलाचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. मुंबईतलं काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, हेही त्यांचंच. सगळा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून इथे आणून जोडलेला. त्याच ऑर्डिश यांच्या पद्धतीचा एक पूल मला तुमच्यासाठी सर्वांत उपयोगाचा वाटतो: सिंगापूरचा कॅव्हेना पूल. भाग ग्लासगोत घडवले, जोडणी सिंगापुरात झाली, आणि जोडणीच्या कामाला भारतातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी होते. नाव मिळालं भारत सरकारच्या अखत्यारीतल्या शेवटच्या गव्हर्नरचं, कारण 1867 पर्यंत तो मुलूख इथूनच चालवला जात होता. 1910 मध्ये जवळच अँडरसन पूल झाला आणि कॅव्हेना पायी चालणाऱ्यांचा झाला. तीन हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे सुमारे 152 किलोपेक्षा, जड गाड्यांना आणि गुराघोड्यांना मनाई करणारी जुनी पाटी अजून तिथे लावलेली आहे. शंभराहून अधिक वर्षं तो माणसांसाठीच आहे. 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तिथे ना कुंड्या आहेत ना गाळे. एका टोकाला संग्रहालय, दुसऱ्या टोकाला जुन्या टपाल कचेरीच्या भव्य इमारतीतलं हॉटेल आणि पुढे कचेऱ्यांचा भाग, खाली नदीकाठाने चालत जायची वाट. माणसं रोज कामासाठी त्यावरून जातात, आणि त्यातलीच काही थांबतात.

जमण्याच्या जागेबद्दल माझं म्हणणं इथेच आहे. पूल हा आधी वाट असावा लागतो. ज्या पुलावरून कुणाला कुठे जायचं नाही तिथे उद्घाटनानंतर सहा महिने गर्दी राहते आणि मग रात्री बाटल्या सापडू लागतात. बाजारातून घरी जाणारी बाई, शिकवणीहून परतणारी मुलं, देवळात जाणारे म्हातारे, यांची नेहमीची वाट त्यावरून असेल तर जागेवर सतत कुणाचं तरी लक्ष राहतं. मुली एकट्या बसू शकतात की नाही हे त्याच लक्षावर ठरतं, कॅमेऱ्यांवर फार कमी. म्हणून पुलावर खर्च करण्याआधी दोन्ही टोकांवर करा. रस्ता ओलांडायची सोय, सावलीची झाडं, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, व्हीलचेअर जाईल असा उतार. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून खुंट लावा, पण त्यातून व्हीलचेअर आणि बाळाची गाडी जाईल एवढी फट ठेवा. फेरीवाल्यांना हाकलू नका, त्यांच्यामुळेच जागा जिवंत राहते. त्यांना टोकांवर पक्की जागा द्या. पुलावर मात्र गॅसची टाकी, शेगडी, तेल नको. आगीचा धोका आहे, आणि गाडीभोवती माणसांचं कोंडाळं झालं की वाट अडते.

पुलावर काय हवं? फारसं काही नको. बऱ्याच जुन्या पुलांवर खांबांच्या डोक्यावर कठडा बाहेर आलेला असतो, गाडी आली की बाजूला उभं राहायला केलेले ते कोनाडे. बसायची जागा तिथेच करा. खाली थेट खांब असल्याने भाराची अडचण नाही, वाटही मोकळी राहते, आणि नदी दोन्ही दिशांना दिसते. बाकी मधली रुंदी पूर्ण रिकामी ठेवा. दिवे कमी उंचीवर, कठड्याच्या आतल्या बाजूला. रंग बदलणारे झोत नकोत. माणसं पुलावर अंधार, वारा आणि पाण्याचा आवाज यासाठी येतात, या गोष्टी फुकट आहेत आणि ठेकेदाराला त्या पुरवता येत नाहीत. कठडा जुना असेल तर बहुधा कमरेच्या खाली असेल. आज 1.1 मीटर उंची अपेक्षित असते, आणि माणसं टेकली, ढकलाढकली झाली तर वरच्या कडेला दर मीटरला 150 किलोचा आडवा रेटा सहन व्हावा असं संहिता सांगते. जुना दगडी कठडा पाडून स्टेनलेस स्टीलचे पाइप लावायची सूचना येईल. ती मान्य करू नका. आतून, जुन्या कठड्याला न टेकवता, वेगळी बारीक लोखंडी रेलिंग उभी करता येते, पुढे कधी काढायची झाली तर दगडाला ओरखडाही न येता निघते.

नवा पूल कुठे बांधला यावरही पुष्कळ ठरतं. अहमदाबादचा एलिस पूल 1892 चा, हिम्मतलाल धीरजराम भचेच या भारतीय इंजिनिअरने बांधलेला. अंदाजापेक्षा कमी खर्चात काम झालं म्हणून सरकारला संशय आला, चौकशी झाली, आणि काम उत्तम असल्याचं सिद्ध झालं. तो वाहनांना अपुरा पडू लागला तेव्हा दोन्ही अंगांना नवे पूल बांधले. जुना पूल वाचला याचं मला समाधान आहे, पण आज त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे वाहनं दिसतात, नदी नाही. गर्दी जमते ती 2022 मध्ये केवळ पादचाऱ्यांसाठी बांधलेल्या अटल पुलावर. मोरबीनंतर तिथे तासाला 3,000 माणसांची मर्यादाही घातली गेली. तुमचा नवा पूल झालेला आहे, ते आता बदलता येणार नाही. निदान जुन्या पुलाच्या मोकळ्या बाजूला जाहिरातींचे फलक आणि पाण्याचे पाइप येऊ देऊ नका. लोंबकळत्या जलवाहिन्या असतील तर त्या नव्या पुलावर हलवा. त्यांचं वजन आहेच, आणि गळती लागली की वर्षानुवर्षं एकाच सांध्यावर पाणी पडत राहतं.

आता पावसाळा. आपल्याकडे पूर बघायला पुलावर जायची जुनी सवय आहे. सांगलीत कृष्णेला पाणी चढलं की माणसं आयर्विन पुलाकडे धावतात. 1929 चा तो पूल, शहराच्या पुराचं मोजमापच त्याच्यावर होतं, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. ही ओढ मला समजते, मलाही ती आहे. पण पुलाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण तास आणि त्यावरची सर्वांत मोठी गर्दी एकाच वेळी येते, याच्यासारखं वाईट काही नाही. पुराचं पाणी खांबाच्या पायाशी भोवरे करून तळ उकरतं. वरून काही दिसत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी बस आणि इतर वाहनांतली माणसं वाहून गेली. तो कोसळेपर्यंत वाहतुकीला चालू होता. आणि 15 जून 2025 च्या रविवारी तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चौघे गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. तो काही ब्रिटिशकालीन नव्हता, जेमतेम तीस वर्षांचा होता. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलकाने गर्दी थांबत नाही हे आता आपण मान्य केलं पाहिजे.

म्हणून तुमच्या आराखड्यात दोन्ही टोकांना दारं हवीत, आणि ती कोण बंद करणार, कोणत्या पाणीपातळीला, हे नावानिशी पदासह लिहिलेलं हवं. पातळी खांबावर रंगवून ठेवा, म्हणजे चौकीदाराला वरून फोन यायची वाट बघावी लागणार नाही. दारं बाहेरच्या दिशेने उघडणारी आणि पुलाच्या पूर्ण रुंदीची असावीत. तिकीट लावायचं म्हणून एकच अरुंद फिरतं फाटक बसवतात, तसं करू नका. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर 23 माणसं चेंगरून गेली. पूल पडला नव्हता, बाहेर पडायचा जिना अरुंद होता. गणपती विसर्जनाच्या आणि आतषबाजीच्या रात्री तर पुलावर उभं राहण्यालाच बंदी असावी, चालत राहण्याला नाही.

स्ट्रक्चरल ऑडिट झालंय असं तुम्हाला सांगतील. कागद मागा. त्यात पुढच्या गोष्टी आहेत का बघा: पायाची पाण्याखालची तपासणी कोणत्या महिन्यात झाली, भार किती धरला, 400 की 500, फरशी-कुंड्यांचं वजन त्यात मिळवलं का, लोखंड असेल तर नमुना काढून चाचणी केली का, केबल जमिनीत किंवा बुरुजात शिरते ती जागा उकरली का. आयआरसी:एसपी:35 मध्ये तपासणी कशी करायची आणि एसपी:37 मध्ये जुन्या पुलाची भारक्षमता कशी ठरवायची ते दिलेलं आहे. अहवालात या दोन्हींचा उल्लेख नसेल तर तो बहुधा लांबून फोटो काढून लिहिलेला आहे. झुलत्या किंवा लोखंडी पुलावर प्रत्यक्ष भारचाचणी मागा. वाळूची पोती किंवा पाण्याच्या टाक्या टप्प्याटप्प्याने ठेवत, प्रत्येक टप्प्यावर पूल किती वाकला आणि भार काढल्यावर किती परत आला हे मोजत. परत न येणं हे वाकण्यापेक्षा जास्त काळजीचं.

पूल कुणाच्या मालकीचा आहे हेही आजच विचारा. सार्वजनिक बांधकाम विभागाने वाहनांना बंद केला, नगरपरिषदेकडे हस्तांतर झालंच नाही, वारसा यादीत नाव आहे पण देखभालीला तरतूद नाही, अशी अवस्था मी वारंवार बघतो. अशा पुलावर सुशोभीकरणाचा ठेका निघतो, कारण त्याला निधी मिळतो, आणि खालच्या दरजांचं काम कुणाच्याच डोक्यावर नसतं. हस्तांतराचा करार, दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, तिचा अहवाल पुलाच्या टोकाला सर्वांना वाचता येईल असा लावणं आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळं शीर्ष, एवढं झालं की मग फरशीच्या रंगावर बैठक घ्या. तुमच्या पुलाचे खालून काढलेले फोटो, कमानीच्या पोटाचे आणि खांबाच्या पायाचे, नदी आटली असताना काढून पाठवलेत तर पुढचं अधिक नेमकं सांगता येईल.